मूळ प्रत

६ जानेवारी, खालापूर
पोचलो एकदाच्या! टेंपोतून सामान उतरलं, एकही कपबशी फुटली नाही. खाली कुलमंडळाचं कार्यालय, वर आमच्या दोन खोल्या. गच्चीतून टोलनाक्याची रांग दिसते. अंतरा (वय वर्षं चार, हट्ट वर्षं चाळीस) दिवसभर माझी ओढणी धरून मागे मागे. काही हवं असलं की ही बया बोलत नाही, नुसती ओढते, आणि मी वळून बघेपर्यंत सोडत नाही. यज्ञेश बोटीवर, मार्चमध्ये येईल. तोवर ही नोकरी बरी.

नोकरी अशी: सासरच्या कुळाचा कुलवृत्तांत पुस्तकातून उचलून साईटवर आणलाय. माणशी एक पान. कुणी गेलं की नावामागे 'कै.' लावायचं. अध्यक्ष शरच्चंद्रकाका, निवृत्त मुख्याध्यापक. लग्नाला सहा वर्षं होऊनही यज्ञेशच्या आळसापायी आमची नावं राहिलीच होती. काकांनी पेढा हातावर ठेवला आणि स्वतः चढवली. आधी माझं, मग अंतराचं. खरं सांगते, आज सासरी आल्यासारखं वाटलं.

९ जानेवारी
जिजाशी अंतराची गट्टी जमली. जिजा डोंगरातल्या वाडीवरची, डोक्यावर पाटी घेऊन बोरं विकत येते. अंतराने अर्धा शेर फस्त केली, आता खोकेल.

कामाचं. सर्व्हर दोन. जुना कार्यालयाच्या कपाटात घरघरत असतो. २०१७ नंतर त्यावर कुणी काही चढवलेलं नाही. नवा भाड्याचा, मुंबईत कुठेतरी. दोन्हींवरचा मजकूर सारखा राहायला हवा, त्याला सिंक म्हणतात. रोज संध्याकाळी सहाला मशीन एका प्रतीवरून दुसरी जुळवून घेतं, रविवारी सुट्टी. खरी प्रत कोणती, तेवढं आपण सांगायचं. मी म्हटलं, नवी. काका म्हणाले, कुलवृत्तांतात जुनी तीच मूळ प्रत, आपल्याकडे असंच चालत आलंय. नंतरची नावं पुसली जातील ना, असं विचारलं, तर म्हणाले, कागदावर आहेत, पुन्हा चढवू. वडीलधाऱ्यांशी कोण वाद घालणार? दिलं करून. उद्यापासून सुरू.

११ जानेवारी, सकाळ
कालच्या फेरीत मालतीकाकूंच्या नावामागचं 'कै.' गेलं. काकू म्हणजे काकांची बायको, २०१८ला वारल्या. जुन्या प्रतीत त्या अजून आहेत, म्हणून हा घोळ. सांगायला काकांच्या घरी गेले. काका दाढीबिढी करून खुशीत. भिंतीवर हाराचा फोटो असायचा, तिथे नुसता खिळा. ओट्यापाशी एक बाई पाठमोऱ्या तांदूळ निवडत होत्या. काका म्हणाले, मालतीला चहा टाकायला सांगितलाय.

चहा प्यायले. काय करणार? वेलची घातलेला होता. 

१२ जानेवारी, रविवार
काल सहाला अंतराचं पान गेलं. पहिल्या फेरीत जुन्या पानांतले बदल गेले, आता नवी नावं. शेवटी चढलेलं आधी जातं, दिवसाला एक.

साडेसहाला हाक मारली. ओ नाही. घर, गच्ची, रस्ता, टोलनाका — कुठेच नाही. बालवाडीच्या तेजश्रीबाई कुळातल्याच. त्यांनी मलाच विचारलं, तुम्हाला मूल आहे? यज्ञेशला फोन लागला. तो म्हणाला, "कोण अंतरा?"

फोन ठेवून पुन्हा टोलनाक्यापर्यंत शोधून आले.

दुधाचा पेला भरून ठेवला होता, तिच्या वेळेला. आत्ता बघते तर रिकामा. मांजर आलं असेल.

१३ जानेवारी
तिचं नाव पुन्हा चढवायला बसले. माझा पासवर्ड चालत नाही. जुन्या प्रतीत मी नोकरीला नाहीच.

शिळफाट्याचा साईराज मशीन बघतो, त्याला फोन केला. म्हणाला, कपाटातलं मशीन चुकूनही बंद करू नका. मूळ प्रत कोरी दिसली तर सिंक नवीही कोरी करेल. उलटं फिरवायचं तर फक्त काकांच्या पासवर्डने.

काकांचे पाय धरले. ते रडले. म्हणाले, "मालती आलीय गं. तिला माझ्याच हातानं परत कशी पाठवू?"

आत बांगड्या वाजल्या. मी निघून आले.

दुपार
तिचा आवाज आठवत नाही. लिहून ठेवते — अंतरा. चार वर्षं. डाव्या गालावर खळी — का उजव्या —

साडेपाच
आज माझं नाव जाणार.

जिजा आली. पाटी उतरवली, आणि माझ्याकडे रागाने बघत म्हणाली, "बाय, पोर कवाची तुजी ओढणी वढते. बग ना गं तिच्याकडं."

वळले. कुणी नाही. पण ओढणी — ताणलेली. हवेत. खाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर —

म्हणजे दोन दिवस ती इथेच. मी शोधत फिरले आणि ती मागे मागे —

पावणेसहा
जिजाला म्हटलं, घेऊन जा तिला वाडीवर. तू आमच्या कुळातली नाहीस, तुला ती दिसत राहील. तिला सांग, आई वळली होती. आई वळली होती एवढं तरी —

जिजा बोरं तिथेच टाकून उठली. खाली वाकून किती वेळ समजावत होती. ओढणी सुटेना. मग एकदम सैल.

पाच अठ्ठावन्न
जिजा फाटकाबाहेर पडली. एक हात खाली झुकवून चाललीय, कुणाचं तरी बोट धरल्यासारखा. सारखी थांबते, माझ्याकडे बघते.

कुणाला घेऊन चाललीय ही? आणि माझा डावा हात टाटा का कर—