जाळ्यातून सुटलेल्या चिमणीचं स्तोत्र

प्रिय धाकटे,

फोनवर सांगायला गेले असते तर तू मध्येच हसली असतीस आणि मीही हसून सगळं सारवून टाकलं असतं. म्हणून लिहितेय. आई खिडकीपाशी शालीच्या गोंड्यांशी खेळत बसलीय. मी उठले की तीही उठते, आणि उठली की थेट दार गाठते. दाराला आता उंचावर, तिचा हात पुरणार नाही अशी कडी बसवून घेतली. सुताराने विचारलं, "चोरांच्या भीतीने का?" म्हटलं, "नाही हो, घरच्यांच्या." कडी तिच्यासाठी, पण तिला एकटं सोडता येत नाही म्हटल्यावर आत नेमकं कोण कोंडलं गेलं, ते तूच बघ.

पुढच्या महिन्यातल्या आमच्या गायनवृंदाच्या कार्यक्रमाचं अजून माझं काही खरं नाही. तालमीच्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई आईजवळ बसतात, पण नेमक्या त्याच दिवसांत त्या लेकीकडे निघाल्यात. दुष्काळात तेरावा महिना!

तू विचारलंस, या वयात लॅटिन कसलं गातेस? अगं, मला तरी कुठे येतंय! स्वरलिपीही वाचता येत नाही. शब्द आपल्या अक्षरांत पेन्सिलीने उतरवून घेतले आणि चाल कानाने उचलली. स्तोत्र फार जुनं आहे, चाल मात्र अगदी नवी. पारध्याच्या जाळ्यातून चिमणी सुटावी तसा आमचा जीव सुटला, असा अर्थ. मला वाटलं, झालं, आता मजेत गायचं. कसचं काय! व्हायोलिनं जाळीवर नखं घासावीत तशी वाजतात, मागून नगारे दार ठोठावतात, वरच्या पट्टीतल्या पोरी भिरभिरत राहतात, आणि आम्ही खालच्या पट्टीतल्या बायका? आम्हाला एकच सूर. तोच, न तोडता, 'सुटला' या अर्थाचा शब्द येईपर्यंत. आणि तो मेला लवकर येतच नाही. चाल बांधणारी बाई एकदा तालमीला आली होती. माझ्या शेजारी गाणारी बेकरीवाली तिला तोंडावर म्हणाली, "चिमणी सुटली ना? मग आनंद कुठे पळाला?" ती हसली नाही. "सुटल्यावर लगेच उडता येत नाही. पंख आखडलेले असतात," एवढंच म्हणाली.

बरं, तुला कळवलं नव्हतं, पण गेल्या तालमीत मी पडले. तो सूर धरून उभी होते, डोळ्यांपुढे अंधारलं, आणि खुर्चीसकट आडवी. व्हायोलिनं थांबली. संचालिका पाणी घेऊन धावत आल्या. "मावशी, श्वास कुठे घेता?" मी म्हटलं, "घेतच नाही. सूर तोडायचा नाही म्हणालात ना?" सगळ्या खो खो हसल्या, बेकरीवाली तर डोळे पुसत होती. मग संचालिकांनी समजावलं, की एकीने श्वास घ्यायचा तेव्हा शेजारणीने सूर धरायचा, मग उलट. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. "हा सूर एकटीने धरायचा नसतोच, मावशी. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?" बाकीच्या हे शाळेतच शिकल्या होत्या म्हणे. मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. घरी येताना जिन्यातच बसले आणि खूप रडले. गुडघा दुखत होता, पण रडू त्याचं नव्हतं. मग वरून आईची हाक आली आणि पदराने तोंड पुसून मी उठले.

आता मुद्द्याचं. तू पहिल्या रांगेचं तिकीट काढलंस, ऐकून अंगावर मूठभर मांस चढलं. ते तिकीट कुणाला तरी देऊन टाक. ऐकायला येऊ नकोस, घरी ये. आदल्या दिवशी ये आणि सामान जास्तीचं आण, कारण कार्यक्रम संपल्यावर मी घरी परतणार नाही. बेकरीवालीची वरची खोली रिकामी आहे, ती महिनाभरासाठी मागून घेतलीय. रागवायचं तर रागाव, भांड, पण ये. आईला काय सांगू, ही चिंता नको. एक गोष्ट मी तुला कधी बोलले नाही. वर्ष झालं, ती मला तुझ्या नावाने हाक मारते. आधी मी दुरुस्त करायचे, तर तिचा चेहरा पडायचा. आता ओ देते. कधी कधी ती मलाच विचारते, थोरली कुठे गेली गं, फार दिवसांत दिसली नाही. मी सांगते, येईल हं. तेव्हा तू ये. हाक तुझ्या नावाची आहे, ओ तूच दे.

तुझीच,
ताई