यरुशलेममधला पाऊस

पासो इता, राखेच्या बुधवारचा दुसरा दिवस

पाऊस कुठे गेला? आधी ते सांग, आशीर्वाद मग.

चि. लिब्रादा, घे आशीर्वाद. रागातला आहे, पण खोटा नाही. चर्चची येशूच्या जीवनाची मुकी फिल्म तुमच्या कचेरीला नीट करायला दिली होती, धोबीघाटावर न्यायला नव्हे. काल शाळेच्या मास्तरनं तुम्ही नीट करून पाठवलेली ती फोनवर दाखवली. आभाळ कोरडं ठणठणीत! अगं, माझ्या सासूच्या काळापासून त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत पाऊस पडतोय. म्हणून तर गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत आपण प्रभूच्या मूर्तीवर छत्री धरतो. आधी सासूनं धरली, आता मी धरते. प्रभूला चिकटून चालायची गावात ती एकच जागा, आणि ती एदुविखेस त्या जागेवर टपून बसलेलीच आहे. नवे फादर म्हणतात, पाऊस नाही तर छत्री कशाला? तेव्हा गपगुमान पाऊस परत घाल.

पोटभर जेवत जा, मग माझा राग पचवायला ताकद राहील.

तुझी आजी देओदोरा

असुन्सिओन, ५ मार्च

ती. आजीस, हात जोडून आशीर्वाद मागते.

तो पाऊस नव्हता गं. वर्षानुवर्षं यंत्रातून घासून फिल्मवर उभे ओरखडे पडले होते. प्रभू चालतो तिथे धूळ उडते, ती बघ ना. खोटा पाऊस घातला तर साहेब मला घरी बसवतील. ईस्टरच्या आधीच्या बुधवारी आमची गाडी मोठा पडदा घेऊन तिकडे येतेय. मला रजा नाही. फादरांशी भांडू नकोस, माझ्या वाटणीची चीजची चिपा भाजून ठेव, आणि आपला लोभ या पावसापायी आटवू नकोस.

तुझी लिब्रादा

पासो इता, ईस्टरचा सोमवार

चि. लिब्रादा हीस आशीर्वाद. चिपा बसवाल्याबरोबर पाठवलीय, त्यानं वाटेत खाल्ली तर मला सांग.

बुधवारी फादरांनी पडद्यापुढे उभं राहून जाहीर केलं की नीट बघा, एक थेंब नाही, छत्री घरी ठेवा. अख्खा गाव वळून माझ्याकडे बघायला लागला. एदुविखेस इतकी हसली की तिची कवळी हातात आली. तुला खरं वाटायचं नाही, पण मी सिनेमा बघत होते. काय ते ऊन! शिपाई डोळे बारीक करतायत, शिष्य पेत्र कपाळावर हात धरतोय, आणि प्रभूच्या डोक्यावर नुसते काटे. मी उठले आणि फादरांना म्हटलं की पाऊस नव्हता, कबूल. पण ऊन तरी दिसतंय ना तुम्हाला?

शुक्रवारी छत्री उघडून पुढे झाले. कोणी अडवलं नाही. चढावर फादरांचं टक्कल लालबुंद झालं, तसे ते सरकत सरकत छत्रीखाली शिरले. मी त्यांना कोपरानं बाहेर काढलं. म्हटलं, ही प्रभूची आहे, तुम्ही टोपी का नाही आणलीत?

एक मात्र आहे. पावसात वाटायचं, गर्दीत छत्र्या असतील, आपल्याला दिसत नसतील. आता सगळं लख्ख दिसतं. बायका, व्यापारी, घोडेस्वार, एवढी माणसं, आणि प्रभूवर सावली धरायचं एकालाही सुचलं नाही?

याचं उत्तर तुझ्या साहेबानं स्वतःच्या हातानं लिहून पाठवायचं. तू मध्ये पडायचं नाहीस.

तुझी आजी देओदोरा