मिंचुळ्ळी की खंड्या

१३ जुलै १९५८, रविवार

आज पुन्हा वाद! सासऱ्यांशी वाद घालणारी सून पुण्याला माझ्या माहेरी कुणाला खपायची नाही, पण अण्णांना त्याचीच गोडी. गेल्या महिन्यात ह्यांनी अव्हेन्यू रोडवरच्या जुन्या पुस्तकांतून आकाशाच्या छायाचित्रांचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की अण्णा ते मांडीवर घेऊन बसतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अक्षर लागत नाही, पण तेजोमेघाचं चित्र अगदी नाकाशी धरलं की त्यांना त्यात पाखरू दिसतं. आणि त्यांनी कडेनं बोट फिरवून दाखवलं की मलाही दिसतं. एकटीनं पाहिलं तर नुसता धूर.

आजच्या चित्राखाली छापलं होतं — हंस. अण्णा म्हणाले, छे, हा कोक्करे, चोच बघ की. मी म्हटलं, त्याला मराठीत बगळा म्हणतात. त्यावर, आम्ही तीनशे वर्षं इथे कानडी मुलखात मराठीच बोलतोय, आमच्या मराठीत कोक्करेच!

१९ जुलै

आज खंड्यावरून. एका तेजोमेघाला खाली रोखलेली लांब चोच आहे, शेपूट आखूड. मी म्हटलं खंड्या. अण्णा म्हणाले मिंचुळ्ळी. लहानपणी येलहंक्याच्या तळ्यावर ते तासन् तास तिची वाट पाहत बसायचे. पाण्यात पडायची ती दिसायची नाही, नुसती निळी रेघ. “मिंचु म्हणजे वीज,” म्हणाले. “तुमचा खंड्या काय करतो? खंडणी मागतो?”

हसता हसता माझं दूध उतू गेलं.

२ ऑगस्ट

लेख लिहिला. पुण्याच्या मासिकाला आजच टाकला — ‘तेजोमेघांतली पाखरं’. अण्णांना सांगितलं नाही. छापून आला तर सांगेन.

लेखात सगळी पाखरं ‘मला’ दिसली आहेत. कोक्करेचा बगळा केला, मिंचुळ्ळीचा खंड्या. तळ्यावरची निळी रेघसुद्धा मीच पाहिली! पुण्याचे लोक कानडी नावांना हसतील असं मनाशी म्हणत होते. ते खरं नाही. अण्णांना लेखात घेतलं असतं तर माझं असं त्यात काहीच उरलं नसतं. निदान इथे तरी खरं लिहावं.

२१ सप्टेंबर, रविवार

छापून आला. ह्यांनी म्हैसूरपाक आणला. लेख काही वाचला नाही, पण शेजारी दाखवून आले. अण्णांना सांगितलं तर त्यांनी अंक हातात घेऊन पानावरून तळवा फिरवला. आपलं नाव आहे का, हे विचारलंच नाही. एवढंच म्हणाले, “मिंचुळ्ळी घातलीस ना?”

मी हो म्हटलं.

२२ सप्टेंबर

अण्णांच्या भातावर तूप जास्त वाढलं. त्यानं काय होतं!

२८ सप्टेंबर, रविवार

दुपारी अण्णा म्हणाले, स्वल्प वेळ असेल तर वाचून दाखव. हे बाहेर गेले होते. खिडकीशी बसून वाचला. जिथे ‘मला’ छापलंय तिथे ‘आमच्या अण्णांना’ म्हटलं. बगळ्याचा कोक्करे केला. तळ्याचं सगळं त्यांच्या नावावर वाचलं. एकदा ‘खं—’ तोंडातून निघालंच, मग खोकले.

अण्णा डोळे मिटून, गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, मिंचुळ्ळीचं पुन्हा एकदा वाच. मघाशी काय जुळवलं होतं ते मला शब्दशः कुठलं आठवायला! दुसऱ्यांदा वाक्यं निराळीच झाली. अण्णा म्हणाले, “फार चांगलं वाचतेस तू.”

मोरीत जाऊन तोंड धुतलं.

५ ऑक्टोबर, रविवार

आज सांगायचंच ठरवलं. कॉफी घेऊन गेले, तोंड उघडणार तोच अण्णा म्हणाले, गुरुवारी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. चष्मा आला की वाचता येईल, डॉक्टरांनी सांगितलंय. पहिल्यांदा तुझा लेख वाचीन.

आणि माझ्या मनात आलं — हे ऑपरेशन पुढे गेलं तर बरं! क्षणभरच. पण आलं. सख्खी लेक असते तर असं आलं असतं का? कॉफी ठेवली आणि तशीच परत आले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

ऑपरेशन नीट झालं. हे इस्पितळातच थांबलेत. येताना मी मराठी वाचनालयात पुस्तकं परत केली. ग्रंथपाल हयवदनराव अण्णांचे जुने स्नेही. ते मला म्हणाले, “विद्याक्का, रागावू नका, पण लेखात अण्णांचं नाव का नाही?” मी परत करायची पुस्तकं उगाच नीट रचू लागले. ते म्हणाले, अण्णा गेल्या महिन्याच्या पंचवीस तारखेला काठी टेकत इथे आले होते, लेख त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतला. म्हणजे मी वाचून दाखवायच्या तीन दिवस आधी.

जाताना अण्णा त्यांना म्हणाले होते, “घरात बोलू नकोस. पोर ओशाळेल.”