क्लोरीनचे सहा शेजारी

५ फेब्रुवारी, गुरुवार

आफरीन बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीत नापास झाली. चाळीसपैकी तेरा. पास व्हायला सोळा लागतात. पोरगी रडली नाही. दोन पराठे खाल्ले, तिसरा मागितला. धक्का बसला असणार.

तिचे अब्बा म्हणाले, "नहीं जमता तो छोड दे, दूसरा कुछ पढ." बापांना बोलायला काय जातं. खुलताबादच्या मराठी शाळेत मी दहावीला विज्ञानात पहिली आले, आणि त्याच जुलैत माझं लग्न झालं. या घरात एक तरी लॅबचा पांढरा कोट खुंटीला लागणार. अल्लाहकडं एवढंच मागितलंय.

७ फेब्रुवारी

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. आफरीन म्हणे, "रहने दो ना अम्मी." अर्ज मीच भरला, तिनं फक्त सही केली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

झेरॉक्स आली. आधी बेरीज तपासली. बरोबर निघाली, वाईट वाटलं. दोन प्रश्न कोरेच. वेळ पुरला नसेल.

चौथा प्रश्न मात्र डोळ्यात खुपला. क्लोरीनच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनवर केंद्राची खरी ओढ किती? आफरीननं ६.१० लिहिलंय. परीक्षकानं लाल शाईनं खोडून ५.७५ केलंय. चारपैकी एक मार्क. म्हणजे हे उत्तर खरं असेल तर तीन मार्क वाढतात. सोळा होतात!

"सर हैं, सहीच होंगे," ती म्हणाली. लाल शाईवर या घरात कुराणाखालोखाल विश्वास. फेरतपासणीचा अर्ज शनिवारी २१ तारखेपर्यंत.

१५ फेब्रुवारी, रविवार

जोहरच्या नमाजेनंतर तिला समोर बसवलं. मला शिकव म्हटलं. हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले.

मला कळलं ते असं — मधोमध केंद्र. क्लोरीनचं केंद्र सतरा हातांनी ओढतं. भोवती सतरा इलेक्ट्रॉन, तीन रिंगणांत. दोन, आठ, सात. बाहेरच्याला पुरी ओढ पोचत नाही, कारण मधले आडवे येतात. अगदी आतले दोघं शंभर टक्के अडवतात. मधल्या रिंगणातले आठ प्रत्येकी पंच्याऐंशी टक्के. आणि आपल्याच रिंगणातले शेजारी पस्तीस.

"शेजारी एवढंच अडवतात?"

"उतनाच."

"मग ते आपल्या गल्लीतले नाहीत."

पोरगी हसली. आठ-दहा दिवसांनी.

१६ फेब्रुवारी

वही कशाला वाया घालवायची. परातीत चिंचोके मांडले. दोन, आठ, सात. आतल्या दोघांचे २. आठांचे ६.८०. शेजाऱ्यांचे सात गुणिले ०.३५ म्हणजे २.४५. एकूण ११.२५. सतरातून वजा केले — ५.७५!

परीक्षक बरोबर. माझी मुलगी चूक. परात तशीच सरकवली आणि अस्रची नमाज पढले. नमाजेत लक्ष नव्हतं, अल्लाह माफ करो.

१७ फेब्रुवारी

रेशनच्या रांगेत उभी होते. मागून एका बाईनं विचारलं, "भाभी, तुमच्या पुढं कितीजण?" मी म्हटलं, "सहा." आणि तिथंच थबकले. पुढं कितीजण ते मोजताना मी मला कशी धरीन? मी माझ्याच आडवी येते का?

तांदूळ घेतले, गहू सोडले, घर गाठलं. सातांतला एक चिंचोका मुठीत घेतला. ओढ काढायची ती याचीच. मग याला आडवे येणारे उरले सहा. सहा गुणिले ०.३५ म्हणजे २.१०. एकूण १०.९०. सतरातून गेले, उरले ६.१०.

आफरीनचं बरोबर. परीक्षकानं त्या बिचाऱ्याला त्याच्याच आडवं उभं केलं.

गहू उद्या परत रांगेत.

१८ फेब्रुवारी

गारखेड्याला निशाताईंकडं गेले. त्या क्लासमध्ये अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतात. परात न्यायची लाज वाटली, चिंचोके पदरात बांधून नेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "शाइस्ताभाभी, ज्याचा हिशेब, त्याला वगळायचं. नियमच तसा आहे. कुणी शिकवलं?"

"रेशनच्या रांगेनं."

चहा प्यायले. बिस्किटं दोनच घेतली, एक आफरीनसाठी.

१९ फेब्रुवारी

पहिला रोजा. अर्ज दिला. खिडकीवरचा माणूस म्हणे, "मार्क वाढत नसतात बाई, बहुतेकांचे तेच राहतात." मी म्हटलं, बहुतेकांचं राहू द्या. आफरीन बाहेर झाडाखाली उभी होती, आत आली नाही. लाजाळू आहे.

इफ्तारला त्या परीक्षकासाठीही दुआ मागितली. थोडी कमी.

२ मार्च

निकाल नाही.

९ मार्च

नाही.

१६ मार्च, सोमवार

सोळा! बरोबर सोळा. शुक्रान्याच्या नमाजेच्या दोन रकात पढले. तिच्या अब्बांना सांगितलं, लाल शाई हरली. ते म्हणाले, "तू परीक्षा देती तो चालीस मिलते." ईदेसाठी ठेवलेल्या शेवयांतल्या मूठभर काढल्या, इफ्तारला खीर केली. आफरीननं वाटी हातात धरून ठेवली. रोजा लागला असेल.

१७ मार्च

आज आफरीन शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "अम्मी, मुझे फेलच होना था. बी.ए. करना है मेरेको. मराठी में." अब्बांना दिवाळीतच सांगितलं होतं म्हणे. ते हो म्हणाले होते.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम पूछे कब?"