दसऱ्याला गोट्यांनी ठोकलेलं मडगार्ड

१० ऑक्टो. ९३, रवि.
दमणहून डॉ. सान्यांचा फोन. येणार म्हणजे येणार, मेहुण्यालाही आणणार. उदवाड्याचे रुस्तमजी येणार, ठाण्याचे ते दोघे भाऊही. जुन्या गाड्यांचं वेड लागलेली एवढी माणसं एकाच दिवशी, चोवीसला, आमच्या खडोलीच्या पत्राकामाच्या शेडमध्ये. आणि नुसती बघायला नाही, स्वतःच्या हाताने पत्रा ठोकायला. आप्पांच्या (माझ्या वडिलांच्या) जुन्या गाडीचं डावं मडगार्ड पार कुजलंय, ते सगळ्यांनी मिळून नवं घडवायचं. सकाळपासून माझे पाय जमिनीवर नाहीत, भाजीत मीठ दोनदा पडलं.

वि. पॅनल बॉक्सच्या ऑर्डरीत बुडालेला. जेवताना म्हणाला, राजकोटहून पत्रा दाबायची पॉवर प्रेस महिनाअखेरीस येतेय आणि तिला जागा एकच, गाडीचा कोपरा. चोवीस तारखेला आलेल्यांपैकी कोणी आपली गाडी पैसे देऊन आमच्याकडे कामाला सोडली तर कोपरा माझा. नाहीतर आप्पांची गाडी नाशिकला दादाकडे, अंगणात, उघड्यावर. कबूल केलं. नवऱ्याशी करार करताना तो नवरा आहे हे विसरावं लागतं.

१३ ऑक्टो.
घोटाळा. भास्करभाऊ (आमचे मुख्य फिटर, मूळचे शिरपूरचे) झेंडूचं आणि नारळाचं विचारायला आले. कशाला, म्हटलं.
"चोवीसला दसरा आहे ना वहिनी."
तारीख ऑगस्टमध्ये ठरवली, पत्रेवाल्याच्या इंग्रजी कॅलेंडरवर. त्यात लाल रविवार दिसला, दसरा कुठे लिहिलाय? येणाऱ्यांच्याही कोणाच्या डोक्यात आलं नाही. आणि त्या दिवशी आमच्या शेडमधली सगळी हत्यारं पूजेत. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणी हात लावत नाही.

वि. हसला. मग माझं तोंड बघून हसू आवरलं.

१४ ऑक्टो.
भास्करभाऊंशी वाद. आमच्याकडे नाशिकला नवमीला पूजतात आणि दसऱ्याला उचलतात, शनिवारी उरकू या म्हटलं. ते म्हणाले, शेडमध्ये गुजराती आहे, बिहारी आहे, आम्ही आहोत, सगळ्यांना मिळून दसराच जमतो, इतकी वर्षं तसंच चाललंय. बरोबर आहे. पण मी ऐकणारी नाही. पाहुण्यांनी त्यांच्या हातोड्या आणल्या तर? शेडमध्ये आल्या की त्याही पूजेत. नवी लाकडी मोगरी विकत आणली तर? तीही.
"पूजेत बसेल ते हत्यार मी नाही उचलनार, आन् कोनाले उचलू बी नाही देनार."
तारीख बदलायची तर दिवाळीनंतर. तोवर प्रेस येऊन बसेल, गाडी नाशिकला.

१५ ऑक्टो.
सुचलं. आंघोळ करताना. तशीच ओल्या केसांनी शेडवर.
भाऊ, दगड पूजेत असतो का?
ते म्हणाले, नदीतला गोटा हत्यार नाही. वाळूचं पोतं हत्यार नाही. झाडाचा बुंधाही नाही. पण वेल्डिंगचा गॅस-सेट हत्यार आहे, त्याच्याकडे बघायचंही नाही.
म्हणजे ठोकता येईल, जोडता येणार नाही. चालेल. चालवू.

१७ ऑक्टो., रवि.
दमणगंगेवर गोटे वेचले. वि.ला ओढत नेलं. मुठीत बसणारे, पोट गुळगुळीत, कंगोरा नको. पत्रा अशाने कधी ठोकलाय का कोणी, हा त्याचा प्रश्न. असेलच ठोकला, हातोडी यायच्या आधी. जीपची मागची बाजू गोट्यांनी भरली. वाटेत तो उगाचच एक गोटा हातात घोळवत होता.

२३ ऑक्टो.
कापाकापी आजच उरकली. पत्रा लाल करून गार केला, म्हणजे मऊ पडतो. वाळूची पोती शिवून तयार. वखारीतून बाभळीचे दोन बुंधे. श्रीखंडाचा चक्का टांगलाय. झोप येणं शक्य नाही.

२४ ऑक्टो., दसरा
काय लिहू आणि काय नको.

सकाळी पूजा. ऐरण, हातोड्या, गॅस-सेट, ड्रिल, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडू. रुस्तमजींनी त्यांच्या गाडीलाही हार घालून घेतला. मग पाहुणे पोत्यांभोवती मांडी घालून, हातात गोटे. पहिला तासभर नुसत्या सुरकुत्या. पत्र्याचा पापड झाला. साने डॉक्टरांनी स्वतःचा अंगठा ठेचला आणि स्वतःलाच औषध सांगितलं. आमची माणसं नव्या शर्टात, हात मागे बांधून उभी. त्यांचे हाल बघवेनात. भास्करभाऊ तोंडाने शिकवत होते: मधून नाही, कडेने, गोल गोल जा, घाई कोनाले आहे. हात शिवशिवतायत हे लांबूनही कळत होतं.

आणि मग पत्रा वळायला लागला. खरंच वळला. खोलगट झाला, वाटीसारखा. रुस्तमजींनी तो उचलून उन्हात धरला, "जो दीकरी, जो," बघ पोरी, बघ, एवढंच म्हणत राहिले. मला रडू आलं. येऊ दिलं.

वि. 'फक्त बघून जातो' म्हणून आला होता. जेवायला हाक मारली तेव्हा गुडघ्यांवर होता, शर्टाला माती, ठाण्याच्या धाकट्या भावाशी वक्रतेवरून भांडत. पुरी एका हातात, गोटा दुसऱ्या.

संध्याकाळी दोन तुकडे तयार. पुढची वाटी, मागचा उतार. कुजक्या मडगार्डवर ठेवून बघितले, मध्ये बोटभर फट, बाकी बसले. टाळ्या. आपट्याची पानं वाटली, मिठ्या मारल्या.

निघताना धीर करून विचारलं: कोणी गाडी सोडणार का आमच्याकडे कामाला?
रुस्तमजी म्हणाले, "हवे तो हुं पोतेच करीश." आता तर मी स्वतःच करणार. डॉक्टरही तेच. ठाणेकर तर गोटे मागून घेऊन गेले.
इतकं छान शिकवलं की गिऱ्हाईकच उरलं नाही. सगळ्यांना परत यायचंय, ठोकायला. गाडी कोणीच देणार नाही.
वि. शेजारी उभा होता, त्याने ऐकलं.

२५ ऑक्टो., सोम.
पूजेनंतर हत्यार उठतं ते पहिल्या कामाला उठतं, आणि त्या कामाला वर्षभर बरकत असते असं आमच्या शेडमध्ये सगळेच मानतात. नारळ फोडून झाला. भास्करभाऊंनी मालकाला विचारायचं म्हणून वि.ला विचारलं, पहिलं काम कोनतं? वि.च्या हातात प्रेसच्या पायाचं ड्रॉइंग होतं, दुसऱ्या हातात खडू, कोपऱ्यात खुणा करायला. मी आप्पांच्या गाडीच्या बॉनेटवरचा झेंडू काढत होते. मागे वळून बघितलं नाही. करार म्हणजे करार, मीच कबूल केला होता.
"मडगार्ड जोडा," वि. म्हणाला.
भाऊंनी दोनदा विचारलं नाही. गॅस पेटवला. वि.ने ड्रॉइंग घडी करून खिशात टाकलं आणि दोन्ही तुकडे स्वतः धरून उभा राहिला, हातमोज्यांशिवाय. चटका बसला तरी सोडलं नाही. फट भरत गेली. वेडीवाकडी शिवण, पण भरली. दुपारी बोटांना तूप लावून दिलं.

२६ ऑक्टो.
राजकोटहून फोन, लॉरी निघाली. परवा पोचेल. वि. सकाळपासून शेडमध्ये टेप घेऊन फिरतोय. दाराजवळ मोजून झालं, ऑफिसच्या भिंतीला मोजून झालं, बॉक्सच्या रॅकखाली वाकूनही झालं. गाडीच्या कोपऱ्यात अजून आलेला नाही. प्रेस कुठे बसवणार, मी विचारत नाहीये. विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागेल.