विमानाचा एक दिवस

मानी, ग्रीस, २ फेब्रुवारी १९८७

ती. देस्पिनाताईस लेफ्तेरीचा सा. न. वि. वि.

गावातला एकुलता फोन वादळात गेलाय, म्हणून पत्र. बाबांचं काही खरं नाही. अन्न सुटलं, डोळे दाराकडे. तू गेलीस तेव्हा बोटीला महिना लागला होता. आता विमान एका दिवसात आणतं हे त्यांनी कुठूनसं ऐकलंय, तेव्हा पोरगी पायी निघालीय की काय, म्हणून मलाच झापतात. पंधरा हजार किलोमीटर आहे म्हटलं, तर म्हणाले, मला मापं शिकवू नकोस.

शेजारची कानेलाकाकू म्हणते, जीव तुझ्यात अडकलाय. पेटीतला तुझा निळा कोट त्यांच्या अंगावर घातला, तू आलीस असं सांगितलं की सुटतील. परदेशी गेलेल्यांसाठी इथं तसंच करतात, तुला ठाऊक आहे. मी अजून पेटी उघडलेली नाही. लवकर ये.

तुझ्या मायेतला,
लेफ्तेरी

मेलबर्न, १५ फेब्रुवारी

चि. लेफ्तेरीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला तेरा दिवस लागले, मला एक लागेल. गुरुवारी निघते, सिंगापूरला विमान बदलून शुक्रवारी अथेन्स, पुढे बस. हे पत्र उद्या तिकडे निघालेल्या शेजाऱ्याच्या हाती देतेय. बाबांना सांग, पोरगी उडत येतेय.

पेटीला हात लावू नकोस. मी आले असं खोटं सांगून त्यांना वाटेला लावू नका. आईच्या वेळी मी पोचेपर्यंत माती झाली होती. एकदा तरी मला जिवंत माणूस भेटू दे रे. कोट काढलास तर तुझं तोंड बघणार नाही.

जीव आहे म्हणून दटावते.
ताई

मानी, शुक्रवार सकाळ

ती. ताईस सा. न.

बसवाला स्त्रातिस हे पत्र कालामाता शहराच्या थांब्यावर तुझ्या हाती देईल. घरी पोचण्याआधी कळलेलं बरं. बाबा गेले.

काल तू विमानात बसलीस तसं त्यांना सांगितलं. कुठवर आली, विचारत राहिले. सिंगापूर म्हणालो, मग हिंदुस्थान, मग अरबस्तान. मला नकाशा थोडाच कळतो, अंदाजानं तुला पुढे ढकलत होतो. पण कळा अशा, की चादर दातात धरून ओरडायचे, आणि प्राण जाईना. मला बघवेना, ताई. आज उजाडताना पेटी उघडली. कोट त्यांच्या अंगावर घातला आणि कानाशी सांगितलं, ताई आली. त्यांनी बाहीवरून हात फिरवला, म्हणाले, किती वाळलीस गं. मग गेले.

माती उद्या दुपारी. माझं तोंड बघू नकोस, पण ये.

अपराधी,
लेफ्तेरी

मेलबर्न, ३० मार्च

चि. लेफ्तेरीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. परतताना अरबस्तान आलं तेव्हा खिडकीतून पाहिलं, खाली नुसती वाळू. बाबा गेले तेव्हा मी तिथंच कुठंतरी, विमानातलं जेवून गाढ झोपले होते.

तिथं होते तितके दिवस तुझ्याशी धड बोलले नाही. राग गेला असं आजही म्हणणार नाही. पण चादर दातात धरलेले बाबा डोळ्यांपुढून हलत नाहीत. मी असते तर मीही पेटी उघडली असती.

खुंटीवरचा तुझा तपकिरी स्वेटर शोधत असशील. तो मी उचलून आणलाय. तंबाखूचा वास आहे, धुतलेला नाही. माझ्या पोरीला दाखवून ठेवलाय, आणि माझ्या अंगावर केव्हा घालायचा तेही सांगितलंय. मामाच्या विमानासाठी मला ताटकळत ठेवू नकोस म्हटलं.

आहे ती माया पुरवून वापरू.
तुझी ताई