आधी पाणी

आई, शिफ्टवरून आले आणि बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले. हल्ली पाय फार ठणकतात. उभ्याने कामं करू नकोस, म्हातारपणी भोगशील, असं तू म्हणायचीस. म्हातारपण यायचंय अजून, भोगणं आधीच सुरू झालंय.

मी इथे अ‍ॅलिस स्प्रिंग्सला डायलिसिस सेंटरमध्ये नर्स आहे. वाळवंटातल्या लांबच्या वस्त्यांतून इथली मूळची माणसं येतात आणि इथेच अडकतात, कारण मशीन इथे आहे. त्यातली एक आजी मशीनचा दिवस नसला की मागच्या अंगणात कॅनव्हास अंथरून ठिपके देत बसते. ते चित्र म्हणजे तिची 'कंट्री'. देश नव्हे गं. बापजाद्यांची जमीन, तिथलं पाणी, त्या पाण्याच्या गोष्टी, सगळं त्यात आलं. जाता येत नाही म्हणून काढते, असं मला वाटायचं. ती म्हणते, नाही काढलं तर तिकडे जमिनीला एकटं वाटेल. थोडं काढते, सरकते, दुसऱ्या बाजूने काढते. चित्राला वर-खाली नाहीच. ते बघून मला तुझं चैत्रांगण आठवलं. सारवलेल्या अंगणात तू उकिडवी सरकते आहेस आणि मी एकाच जागी बसून हात लांबवतेय, म्हणून पाठीत धपाटा बसतो. "फतकल मारून बसू नकोस. भोवती फिर, म्हणजे कळेल काय राहिलंय."

गेल्या महिन्यात दादाने आपलं घर पाडलं. बिल्डिंग होणार आहे. त्याने मोकळ्या प्लॉटचा फोटो पाठवला, तो आजीला दाखवून मी म्हटलं, माझ्या घराचं एक चित्र काढून दे ना. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती चिडलीच. "नॉट माय कंट्री, दॅट वन!" वडिलांकडून जे आलं तेवढंच ती काढू शकते, दुसऱ्याचं काढणं म्हणजे चोरी. मी सॉरी म्हटलं. तिने हातातला रंग संपवला. मग कॅनव्हासचा एक उरलेला तुकडा माझ्याकडे सरकवला. "यू डू इट. माझ्या खुणा नकोत, तुझ्या आईच्या घे. वॉटर फर्स्ट."

तो तुकडा आता फरशीवर पसरलाय. आधी पाणी, म्हणजे विहीर. पण विहीर तुळशीच्या अलीकडे होती की पलीकडे? दादाला फोन केला. "आता काय करायचंय तुला ते?" म्हणाला, आणि त्यालाही आठवेना. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. तू असतीस तर एका वाक्यात सांगितलं असतंस. तू म्हणायचीस तशी दुखऱ्या पायांनी चारही बाजूंनी फिरले. विहीर काही सापडली नाही.

म्हटलं, निदान गौरीची पावलं तरी काढू, ती तू मला हात धरून शिकवली होतीस. हे पत्र कुठे पाठवणार, पत्ताच राहिला नाही, म्हणून कबूल करते. पावलं घराकडे तोंड करून काढायची, हे मला पक्कं आठवतं. घर कुठल्या बाजूला होतं, ते आठवत नाही.